डावी बाजू

लोचन भंगारवाल्यानं हँडल धरून जरा उचलली,
काटासुद्धा आणला नाही, म्हणाला,
"साडेतीन हजार. टाकीतलं पाणी पण धरलं त्यात."
हे खुर्चीत. मेडिकलमधून आल्यापासून
डावा गुडघा ताठ, उंबऱ्याशी भांडणारा.
येझदीची किक डावीकडेच.
म्हणजे विषय संपला होता.

मी म्हटलं, देत नाही.
"काहून?"
उत्तर आलं नाही, म्हणून पाना शोधायला गेले.

मी शिलाई मशीनी दुरुस्त करते.
धाग्याचा ताण कळतो, तर चेनचा का नाही कळणार?
मे महिना. आठनंतर पाना हातात धरवत नाही,
म्हणून पहाटे पाचपासून टिनाच्या छपराखाली,
कूलरचं पाणी भरायच्या आधी.
टाकीत चिंचेचा कोळ आणि मूठभर गिट्टी,
मांडीवर घेऊन हलवत बसले.
बोकडेबाई कुंपणावरून म्हणाल्या, "झोपलं काय?"
गंज निघाला काळ्या चहासारखा, तीन बादल्या.

वहीत, ब्लाउजच्या मापांच्या मागच्या पानावर:
रिंगा दोनशे ऐंशी.
कार्ब्युरेटरचं किट एकशे नव्वद, घासाघीस करून.
क्लच केबल जुनीच, इतवारीतून.
क्रोमचा भाव ऐकला आणि परत आले; राखेनं घासलं.
सीटला दप्तरांचं उरलेलं रेक्झिन, शिलाई घरची.
टायर दोन महिने थांबले,
भिशी लागली तेव्हा आले.

पॉइंटची फट मोजायची पत्ती नव्हती.
मोमिनपुऱ्यातले शफाअतभाई म्हणाले,
"शादी का कार्ड डालो बाई. सस्तेवाला.
महँगा मोटा रहता."
भाच्याची पत्रिका बरोबर बसली.
लग्न टिकलं नाही. पॉइंट टिकले.

आणि तो दांडा.
आत दाबून उभा केला की किक, खाली सोडला की गिअर;
आमच्या सासूबाईंचं एकच "हं" असायचं तसा,
कधी हो, कधी नाही, आपण समजून घ्यायचं.

बावीस वर्षं मी या गाडीवर एका अंगानं बसले.
नंदनवन ते कॉटन मार्केट मला डावीकडून पाठ आहे:
कुठल्या शटरला खालून गंज, कुठली खिडकी
दिवाळीलाही उघडत नाही,
कुठला कुत्रा म्हातारा झाला.
येताना दुसरी डावी, पण तेव्हा अंधार पडलेला
आणि मांडीवर पिशव्या.
समोर म्हणजे यांच्या शर्टाची पाठ.
खड्डा बसला की कळायचा,
येताना कधी दिसला नाही.

जूनच्या नऊ तारखेला पेटली.
किती किका, ते पोटरीला विचारा.
निळा धूर बोकडेबाईंच्या वाळवणावरून गेला.
सिलिंडर एक, सायलेन्सर दोन;
आमच्या घरासारखंच,
येणारा पगार एक, जायला दोन दारं.
हे खुर्चीतून ओरडत होते, चोक, चोक,
चोक मी केव्हाच बंद केलेला.

लायसन मोपेडचं होतं. गिअरचं काढलं,
साहेब दोनदा फोटो बघून म्हणाले, तुम्हीच काय?

मग एक दिवस यांना घेऊन निघाले.
गुडघा वाकेना, पाय पलीकडे जाईना.
हे माझ्याकडे बघतात, मी आरशाकडे.
साडीगार्ड काढायचं राहिलंच होतं माझ्याकडून.
शेवटी एका अंगानं बसले,
पाय त्या पट्टीवर जोडून, पाहुण्यासारखे,
एक हात माझ्या खांद्याच्या जरा वर, हवेत.

सक्करदऱ्याच्या अलीकडे मागून आवाज आला,
"ही चक्की कधी झाली वं इथं?"

मोठा पाचवीत असताना
याच चक्कीतून दळण आणायचा,
सायकलच्या कॅरिअरला डबा बांधून,
भुवयांपर्यंत पांढरा होऊन.

सांगणार होते.
पण समोर खड्डा दिसला.
धरून बसा, म्हटलं.