उन्हात काढल्याशिवाय

दिवसा मारायचा नाही हा रंग.
शारजाच्या सनाइयात ऑक्टोबर उतरला तरी
गनमधून सुटलेला थेंब वाटेतच वाळतो,
पाइपावर मग रंग नाही, खरखर बसते.
आणि दहानंतर खाडीकडून दमट येतं,
लॅकर दुधाळ होतं, मोतीबिंदू पडल्यासारखं.
उरतात मगरिबनंतरचे तीन तास.

गाडी म्हणजे अजून नुसता सांगाडा.
दीड इंची पाइप, वाकवून एकमेकांत शिवलेले,
इंजिन नाही, सीट नाही, चाकं नाहीत.
साखळीनं टांगलाय छताला
आणि मी त्याच्याभोवती फिरतोय
नवऱ्या मुलीला साडी नेसवणाऱ्या बाईसारखा,
एका जागी उभं राहून जमतच नाही,
कारण गोल पाइपाला समोरची बाजू नसते.

इचलकरंजीला मी कपाटं मारायचो.
तिजोरीवाली, आरशाची, रुखवतातली.
हॅमरटोन करडा, लग्नसराईत दिवसाला चार.
पाठीला नुसता प्रायमर.
‘पाठ भिंतीकडं असते,’ शिरगुप्पे मालक म्हणायचे,
‘भिंतीला काय दाखवायचंय?’
अकरा वर्षं मी भिंतीकडच्या बाजू सोडत आलो.

इथं भिंत नाही.
टेकडीवरून गाडी उडते तेव्हा
लोक खालून बघतात.

आधी काळा. काळ्यावर चुरा,
तांब्याच्या रंगाचा, साखरेपेक्षा बारीक.
तो डब्यात तळाला बसतो,
म्हणून कपात दोन नट टाकलेत, खुळखुळ्यासारखे.
हात थांबला की बसलाच.
रूमवर तो भातात निघतो,
उशीवर निघतो, वरच्या बंकवरच्या सजीच्या कानात निघतो.
व्हिडिओ कॉलवर बायको म्हणाली,
‘कुणाचं लग्न लागलंय का तिकडं?
भुवया बघा तुमच्या.’

तिसरा हात मारताना दिसली.
ड्रायव्हरच्या पाठीमागं, खालच्या अंगाला,
चुरा दोन्हीकडं सरकलेला, मध्ये केसाएवढी काळी रेघ.
नख फिरवलं. नख अडलं.
गेल्या सीझनची चीर, आत वाळू.
ब्लास्टिंगवाल्यानं तेवढीच बाजू सोडलेली.
त्यालाही कुणीतरी सांगितलं असणार
भिंतीचं.

अजून एक हात क्लिअर, की बुजली असती.
घड्याळात पावणेनऊ.
खलफान सकाळी सातला येणार.
मी बराच वेळ कप हलवत राहिलो.
नट वाजत राहिले.

मग ऐंशी नंबरचा कागद घेतला
आणि माझाच रंग
वीतभर
लोखंडापर्यंत खरवडला.

गुलरोज झोपेतून उठून आला, चिडलेला.
टॉर्च मारून बघितलं, तंबाखू थुंकला.
‘हा टाका माझा नाही,’ एवढंच म्हणाला
आणि मास्क खाली ओढला.
बूथबाहेर, ओल्या गोणपाटाच्या आडोशानं
त्यानं रॉड टेकवला.

आणि ट्यूबलाइटखाली आठवडाभर मळकट दिसणारा
तो सगळा सांगाडा
एकदम पेटला.
शेवटच्या पाइपापर्यंत, आतून,
प्रत्येक कण वेगळा, प्रत्येक कण निळा-तांबूस,
गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली.
बघू नये नुसत्या डोळ्यांनी, माहीत आहे.
मी बघितलं.
रात्रभर डोळ्यांत वाळू घातल्यासारखं झालं.

सकाळी फ्रेम उन्हात काढली.
खलफान फोन धरून गोल फिरला,
‘झेन,’ म्हणाला, ‘झेन, झेन,’
आणि अचानक गुडघ्यावर बसून
खालून बघायला लागला.

दुरुस्तीची जागा अर्धी छटा गडद आहे.
मी पुढं होऊन तिथं सावली पडेल असा उभा राहिलो.

मग
थोडा बाजूला सरकलो.