अठ्ठेचाळीस व्होल्ट

कुर्ल्याच्या गोदामात तीन गाड्या उभ्या होत्या.
स्टोअरकीपर खरपुडे थेट पांढरीकडे गेले:
नवा रंग, पिवळी झालर, गादीवर अजून प्लास्टिक.
फिदाहुसेनभाई म्हणाले, "मॅडम, कोरीच समजा."
मी म्हटलं, सीट उचला.

सीटखाली असतं वय.
सहा बॅटऱ्या, प्रत्येकी आठ व्होल्ट,
शिशाच्या खुंटावर ठोकलेलं एक अक्षर, एक आकडा:
अक्षर महिना, आकडा साल.
पांढरीच्या खुंटांवर कुणीतरी कानस फिरवली होती.
वय लपवणाऱ्यांशी माझं वैर नाही,
पण पैसे रुग्णालयाचे होते.

दुसरीने मढच्या कुठल्याशा रिसॉर्टवर
सात वर्षं वऱ्हाडं वाहिलेली.
चासीवर अंगठा दाबला, पापुद्रा हातात आला.

तिसरी हिरवी, उन्हाने विटलेली, छपराला पोचा,
मागे अजून गोल्फच्या काठ्या बांधायचे पट्टे.
मीटर लावला: एक्कावन्न. खरपुडे खूश.
उभ्या गाडीचा आकडा म्हणजे
स्थळ पाहायला आलेल्या दिवशीचं वागणं.
खरपुड्यांना मागे बसवलं, त्यांचे नव्वद किलो,
शेजारी दोन भरलेले सिलिंडर,
आणि गोदामाच्या रॅम्पवर घातली,
एकेका बॅटरीला मीटर टेकवत.
पाच थोड्या वाकल्या.
चौथी बसली.

"चौथीचे पैसे कापा," म्हटलं. भाईंनी कापले.
आकडा समोर असला की तो माणूस वाद घालत नाही.

"मग एक नवीच टाकू," खरपुडे म्हणाले.
नको. पाच म्हाताऱ्यांत एक तरणी घातली
की तीही त्यांच्याच चालीने थकते.
तिच्याच वयाची शोधा.
(बोलताना मला वायरमनांच्या खोलीतला
माझा पहिला महिना आठवला:
पाच जण, पाच लॉकर,
आणि स्टुलावर डबा उघडून बसलेली मी.
कुणी वाईट नव्हतं.)

आता दोन वर्षं झाली. शिवडीचा चढ,
ओपीडीपासून एक्स-रेच्या इमारतीपर्यंत,
जिथे श्वास अपुरा पडणारी माणसं
पूर्वी चार ठिकाणी थांबायची.
चारही ठिकाणी कठडा हातांनी गुळगुळीत झालाय.

रोज रात्री चार्जिंग, दोनच फेऱ्या झाल्या तरी.
पाणी चार्जिंगनंतर, आधी नाही;
डिस्टिल्ड, पट्ट्या बुडून बोटाच्या नखाएवढं वर.
जास्त झालं की उतू जातं, आणि ते पाणी नसतं:
माझ्या युनिफॉर्मला तीन भोकं आहेत,
तिन्हींच्या तारखा मला पाठ आहेत.
खुंटांवर निळसर फुलोरा धरतो.
खायचा सोडा, कोमट पाणी, जुना टूथब्रश,
फसफस शांत झाली की व्हॅसलिन.
उंदरांनी दोनदा वायर कुरतडली.
खरपुडे डांबरगोळ्या देतात, मोजून, सही घेऊन.

गेल्या सोमवारी विश्राम तांडेल बसले होते,
ट्रॉम्बेचे, एकच फुप्फुस काम करणारे.
पेडल दाबलं तसं विचारलं, "टक्कन काय वाजलं?"
"सोलेनॉइड. वाजलं म्हणजे वीज पोचली."
मग चढभर बोलले नाहीत.
वर पोचल्यावर बोटीच्या काठावर ठेवावा
तसा तळहात सीटच्या कडेवर ठेवून म्हणाले,
"किती ओझं झालं की बसते ही?"

"उभी असताना नाही सांगता येत," मी म्हटलं.

ते हसले, खोकले, रांगेत गेले.
मी गाडी वळवून सावलीत लावली.
डावं मागचं चाक थोडं बसलंय.
पंप खरपुड्यांकडे आहे.