आणखी किती ख्रिसमस उरलेत

मार्को विचारतो मागच्या सीटवरून,
एक बूट काढून झालाय, दुसरा काढता काढता:
आणखी किती ख्रिसमस उरलेत?

हात स्टिअरिंगवर,
म्हणून मी मनातल्या बोटांवर मोजते.
गिमलीचा झाला. गोठलेल्या सरोवराकाठी
आयनारच्या आईकडे एकोणचाळीस माणसं,
पलंगावर कोटांचा छातीएवढा ढीग
आणि त्या ढिगात झोपलेलं कुणाचं तरी बाळ
(आमचं नव्हे, मी दोनदा पाहिलं).
आलुबुखाराचा सात थरांचा केक.
सहाच थर निघाले तर तो केकच नव्हे, असं अम्माचं म्हणणं.
तो आवडत नाही, हे थोरानं
सातही थरांसमक्ष सांगून टाकलं.

पंचवीसचा आमच्याच घरचा,
पहाटे साडेचारला सुरू झाला, सव्वापाचला संपला,
मग नुसते कागद.

सव्वीसचा विनिपेगला, माझ्या वडिलांकडे.
मुलांनी लिफ्टची सगळी बटणं दाबली,
म्हणून आम्ही दर मजल्यावर थांबत,
दर मजल्याचा स्वयंपाक हुंगत
नवव्या मजल्यावर पोचलो. तिथं कसलाच वास नव्हता.
दुकानातली भाजलेली कोंबडी,
पाच प्लेटा, पाच तऱ्हांच्या,
टीव्हीवर मावेल एवढं झाड.
दोघांना त्यांनी एकसारखे टॉर्च दिले, हातभर लांब.
भांडण नको, म्हणाले.
निघताना माझ्या कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली,
लहानपणी ओढायचे तशी, हनुवटी चिमटत,
आणि विचारलं, सहा तारखेला डॉफिनला ना?
रस्ता निसरडा असेल.

आज सहा जानेवारी. जुन्या पंचांगाचा ख्रिसमस,
माझ्या आईकडचा.
मुलं तिला बाबा म्हणतात. युक्रेनी घरात आजी म्हणजे बाबा,
आणि बाबाच्या घरात पहिला तारा दिसेपर्यंत
कुणाच्या तोंडात घास नाही.
टेबलक्लॉथखाली मूठभर गवत, बारा पदार्थ झाकलेले,
एक ताट जास्तीचं, गेलेल्यांसाठी.
बाहेर उणे एकतीस. आभाळ गोधडीसारखं, एक भोक नाही.
पाच वाजले. सव्वापाच.
थोरा खिडकीच्या काचेला नाक लावून बसलेली,
मामा ओसीप म्हणतो, आई, ढग तरी मोजू दे,
ती म्हणते, तारा.

तेव्हा मार्को मोज्यांनीच पोर्चमध्ये गेला,
टॉर्च आभाळाकडे धरला
आणि ओरडला, सापडला!
ढगाच्या पोटाशी एक फिकट ठिपका,
थंडीनं की त्याच्या हातानं, थरथरणारा.

बाबा दारात आली. वर पाहिलं, मग टॉर्चकडे.
कुणी दिला हा?
दिदोनं.
आम्ही सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागलो.
घरात हे नाव अकरा वर्षांत
कुणी एवढ्या मोठ्यानं घेतलं नव्हतं.

चालेल, ती म्हणाली. या, गार होतंय.

मग जेवण. मधात, खसखशीत शिजवलेला गहू
तिनं चमचाभर छताकडे भिरकावला,
चौऱ्याहत्तराव्या वर्षीही नेम पक्का.
जितके दाणे चिकटतील तितकी सुगी, म्हणून मुलं मोजत राहिली,
थोरा बत्तीस, मार्को शंभर.

निघताना तिनं माझ्या हातात दोन डबे ठेवले.
एक मुलांचा, वर थोराचं नाव लिहिलेला.
दुसरा जुन्या आइस्क्रीमचा, घट्ट दाबून भरलेला,
झाकणावर काहीच नाही.
मी विचारलं नाही. तीही आत जाऊन भांड्यांचा आवाज करायला लागली.

आता काळोखातून, नांगराच्या गाडीमागून, चाळीसच्या वेगानं.
मार्को टॉर्च चालू ठेवूनच झोपलाय,
गाडीचं छत उजळलंय.
सेल संपतील, थोरा कुजबुजते, आणि हळूच त्याची बोटं सोडवते.
त्याच्या केसांत एक दाणा आहे, मधानं चिकटलेला,
तिनं मोजला की नाही कोण जाणे.

पोर्टेजचे दिवे लागले. विनिपेग इथून तासभर पुढं.
आयनारनं डबा मांडीवर घेतलाय, दोन्ही हातांनी.
उद्या तुला सुट्टी आहे ना? तो विचारतो.
अर्धा दिवस, मी म्हणते.