मुका

आमच्या फालमथ बंदरात
खलाशी धक्क्यावर उतरले की कोपराने ढोसत एकमेकांना म्हणायचे,
"काल त्या धाकट्यानं गोलंदाजाच्या पोरीचा मुका घेतला."
आणि हसायचे.

गोलंदाज म्हणजे माझे वडील, हॅनिबल पास्को,
'कॉन्स्टन्स' जहाजावरच्या चोवीस तोफांचे धनी.
पोरगी म्हणजे मीच की.
दुसरी कोण?

मी तेव्हा नऊ वर्षांची. लव्हडे पास्को.
समोरचे दोन दात पडलेले,
बोटांना खारवलेल्या मासळीचा वास,
आणि तरी अख्खं जहाज माझ्यावर जीव टाकतंय!
आईची फणी ढापून केस विंचरले,
धक्क्याच्या पायरीवर जाऊन बसले
एक गाल जरा पुढे करून.
कुणी आलं नाही.
लाजत असतील, म्हटलं.

वडील घरी आले की तिच्याबद्दलच बोलायचे.
डाव्या अंगाची तिसरी, बारा पौंडी.
मीच तिला न्हाऊ घालतो,
तोंड पुसतो, कानात रंजक भरतो,
नावसुद्धा तुझंच दिलंय,
खडूनं लिहिलंय तिच्या डोक्यावर.
आई ताटलीकडे बघत राहायची.

मग ते तापानं गेले, जमैकाच्या वाटेवर कुठेतरी.
त्यांची पेटी घेऊन आला जोरी ट्रेव्हिन,
तोफांना दारू पोचवणारा पोरगा, बारा-तेराचा.
आई म्हणाली, बस. तो उभाच.
पाव दिला, तो उभ्यानंच खाल्ला.
मी म्हटलं, मी लव्हडे.
त्याचा घास थांबला.

आणि मी, अकरा वर्षांची शहाणी, लाडात येऊन विचारलं,
"तूपण घेतलायस का रे माझा मुका?"

"तीनदा," तो म्हणाला, जमिनीकडे बघत.
"एकदा बिस्किट चोरलं म्हणून.
एकदा पहाऱ्यावर डोळा लागला.
तिसऱ्यांदा का, ते आठवत नाही.
पोट लोखंडावर. हात खालून बांधतात. विजार खाली.
पोरांसाठी चाबूक वेगळा असतो,
पाचच शेपट्या, त्याही बारीक.
दोर दातात धरायचा. ओरडलं तर दोन जास्त."

"आणि माझे वडील?"

"ते तिच्याजवळ उभे असायचे, फडकं घेऊन.
झालं की तिला पुसायचे.
डोळ्यांतलं पाणी पडतं ना, खारट.
त्यानं ती गंजते म्हणायचे."

एवढं बोलला आणि पुन्हा मुका झाला.
पेटीत फडकं निघालं, घडी घातलेलं.
आईनं ते चुलीत घातलं. बाकीचे कपडे ठेवले.

पुढे माझं लग्न झालं, एका दोर वळणाऱ्याशी. भला माणूस.
पहिल्या रात्री तो जवळ सरकला, तेव्हा मी म्हणाले,
"काय गुन्हा केलास?"
त्याला वाटलं, थट्टा करतेय.
चाळीस वर्षं तो ही थट्टा लोकांना सांगत राहिला.

लढाई संपली, 'कॉन्स्टन्स' मोडीत निघालं.
तिच्या सहा तोफा आमच्याच धक्क्यावर
तोंड खाली करून पुरल्या, होड्या बांधायला.
त्यातली मी कुठली, सांगता येत नाही.
खडू काय, एका पावसाचा धनी.

परवा चौथीवर एक पोरगा पालथा पडला होता,
पोट लोखंडावर, हात खाली लोंबते.
खालच्या पाण्यातला खेकडा बघत होता, बस्स.
"ऊठ!" मी ओरडले, "ऊठ तिथून!"

तो उठला. घाबरून विजार सावरली.
काय चुकलं, त्याला कळेना.
माझा आवाज हुबेहूब वडिलांचा आला होता,
आणि हातात, मासळी पुसायचं का होईना,
फडकं होतं.