बैल उभा राहीपर्यंत

धरणगाव. मे. जिनिंग बंद होऊन पंधरा दिवस झालेत,
तरी पंख्याच्या जाळीतून रुई निघतेच.
ब्रशनं झाडली. सर्व्हर शिंकल्यासारखा थरथरला,
आणि मी अपग्रेड सुरू केलं.

साडेअकरा. भिंती अजून तापलेल्या.
चारशे बारा पॅकेजं. पहिली दोनशे
लग्नातल्या पंगतीसारखी बसली आणि उठली.
मग अडलं.

'ही फाइल मला लिहायची आहे,
पण ती आधीच दुसऱ्याची आहे.'
वाट एक, नाव एक, धनी दोन:
काट्याचा जुना ड्रायव्हर आणि काट्याचा नवा.
जुन्याला कुणी जा म्हटलं नव्हतं,
नव्याला कुणी सांगितलं नव्हतं की घरात कुणी राहतं.
जबरदस्तीचा एक पर्याय असतो, टाइप करायला सोपा.
दोनदा टाइप केला, दोनदा खोडला.
जुन्याला रीतसर काढलं, मग नव्याला जागा दिली.

पुढचं मात्र असं सुटणारं नव्हतं.
सेटिंगची फाइल. मशीन विचारतं:
'तुम्ही किंवा आणखी कुणी हिच्यात बदल केलाय.
नवी घेऊ? आहे ती ठेवू? फरक दाखवू?'
आणखी कुणी म्हणजे हिलालभाऊ.
सहा वर्षांपूर्वी सुरतेला गेले,
पासवर्ड कॅलेंडरच्या पाठीवर लिहून.

फरक दाखव.
वजा: थांबा = ७
अधिक: थांबा = २
आणि वजाच्याच रांगेत, हॅशच्या आड, अहिराणीत:
'हाई सात बदलू नको. बदलशी ते मार खाशी.'

सात काय?
रात्री पावणेबाराला सुरतेला फोन लावला.
मागं लूम धडधडत होते, भाऊ ओरडून बोलले:
'बैल, बैल! ट्रक काट्यावर चढला की उभा राहतो.
बैल शेपटी हलवतो, पाय बदलतो.
दोन सेकंदात आकडा घेशी ते
कधी तीस किलो जास्त, कधी तीस किलो कमी,
आणि कमी लागलं की गाडीवाला काय करस, माहीत शे ना?'

नवी फाइल लिहिणाऱ्यानं
कुठल्याशा थंड खोलीत, ट्रकच डोळ्यांपुढे ठेवला असेल.
त्याचंही चुकलं म्हणवत नाही. सुरक्षेच्या तीन ओळी
त्याच्याच फाइलीत होत्या, हिलालभाऊंच्या नाही.

म्हणून नवी घेतली. उघडली. दोन पुसून सात केलं.
ती अहिराणी ओळ जशीच्या तशी उचलून आणली,
खाली माझी एक: 'बैलांसाठी. विचारून ठेवलंय.'
जुनी शेजारीच राहिली, नावापुढं 'जुनी' लागून.
पुसली नाही. डिस्कवर जागा आहे.

आसाराम आप्पा चहा घेऊन आले. 'व्हयनं का?'
'आप्पा, गेल्या हंगामात बैलगाड्या किती आल्या?'
त्यांनी बोटं मोजायला काढली, आणि पहिल्यावरच थांबले.
'एक. साळव्यानी. म्हतारा गाडीमाच जपेल ऱ्हास,
बैल आपला येतस.'

त्या एका गाडीपायी
प्रत्येक ट्रक पाच सेकंद जास्त उभा राहणार.
हिशेब मांडला असता तर मलाच बोलणी बसली असती.
उरलेली पॅकेजं बसू दिली. रीबूट.
काट्याचा आकडा शून्यावर आला,
थोडा हलला, मांजर चढलं असावं,
आणि सात मोजून
स्थिरावला.