नाबाद

मुजावरचाचांची वही हळदीची आहे.
म्हणजे आता सेकंदांची, पण पानं पिवळी.
सांगलीच्या मार्केट यार्डात एकतीस वर्षं तोलाई केली,
निवृत्त झाले, हात रिकामे राहिले,
म्हणून आमच्या मुलींचं पळणं मोजायला लागले.

उद्या मिरजेशी खो-खोची फायनल.
पाण्याच्या टाकीखाली आम्ही दोघं,
नऊ नावं, तीन बॅच.
शर्वरी मगदूम, सरासरी एक मिनिट अठ्ठेचाळीस.
ऋचा बिरनाळे, एक बावीस.
सगळ्यांत खाली आवटींची अंबिका:
एकेचाळीस सेकंद.

"काटा खोटं बोलत नाही, मॅडम."
असं म्हणताना चाचा चष्मा काढून ठेवतात,
जणू आता डोळ्यांचं काम संपलं.

मला अंबिका पहिल्या बॅचमध्ये हवी होती.
परवा नळावर मागून कुणीतरी बादली आपटली.
सगळ्या दचकून वळल्या.
ही वळली नाही, सरकली.
अर्धं पाऊल, डावीकडे,
हातातली कळशी न हिंदकळता.

"हे कुठल्या रकान्यात लिहू?" चाचा म्हणाले.

उत्तर नव्हतं, म्हणून वही ओढून घेतली.
एकवीस सामने. हळदीचा वास.
अंबिका: तेहतीस, नाबाद.
एकोणपन्नास, नाबाद.
चव्वेचाळीस, नाबाद.
बोट खाली उतरत गेलं आणि थांबलं.

तिला कुणी बाद केलंच नव्हतं.
शिट्टी वाजली होती.
दर वेळी तिसऱ्या बॅचमध्ये,
डाव संपता संपता आत गेलेली.
ते सेकंद तिचे नव्हते,
बाकीच्यांचं पळून झाल्यावर उरलेले होते.

आणि तिला तिसऱ्या बॅचमध्ये टाकलं कुणी?
मीच. गेल्या वर्षी, निवडीच्या दिवशी,
पोरगी बुजरी वाटली म्हणून.
वाटली.
त्याचीही नोंद कुठे नाही.

चाचा बराच वेळ गप्प.
मग चष्मा पुसत म्हणाले,
"पोतं भरायच्या आधीच वजन केलं की हो आपण."

दुसऱ्या दिवशी पहिली बॅच. अंबिका आवटी.
एकोणिसाव्या सेकंदाला बाद.
खांबापाशी माती झटकत उठली,
मागे कुणीतरी हसलं,
मी वळून पाहिलं नाही.

चाचांनी पेन्सिल जिभेवर ओली केली,
आकडा लिहिला,
नाबादचा रकाना कोरा सोडला
आणि वही माझ्याकडे न सरकवताच म्हणाले,
"हा मात्र तिचा आहे."