वाकडी वाट

वडील ट्रकमधूनच सांगतात, काच अर्धी खाली करून:
सरळ कापू नकोस, लिओना.
सरळ वाट म्हणजे उघडं दार,
हरणाला तू टोकापासून टोकापर्यंत दिसतेस.
त्या ओकच्या आडून घे. वाकव.

मीही वाट वाकडी करूनच आलेय,
सेंट लुईसहून चार तास,
मागच्या सीटवर लांब दांड्याची कात्री
आणि आईचे चामडी हातमोजे.

हा रानगुलाब आजोबांनी लावलेला.
रोपं स्वस्तात मिळायची तेव्हा मिसुरीत;
सरकारी माणूस म्हणाला, जिवंत कुंपण आहे, ऑर्व्हल,
गाय सोड, ससासुद्धा ओलांडणार नाही.
खरं बोलला.
गाई गेल्या. कुंपण राहिलं,
आता आतही तेच, बाहेरही तेच.

कापलेली फांदी खाली पडतच नाही.
शेजारणीच्या गळ्यात हात टाकून उभी राहते,
ओढली की मागून येऊन टोपी नेते.
"बुंधा जमिनीलगत, आडवा!
तिरका राहिला तर भाला होतो, बूट फोडतो."
हे त्यांनी मला दहाव्या वर्षीही सांगितलं होतं.
मी नव्यानं मान हलवते.

दुपारपर्यंत तीस पावलं.
रुंदी मी अंदाजाने मोजते:
एक माणूस, खुब्यात नवं हाड, हातात काठी,
आणि खांद्यावर रायफल,
जी ते यंदा उचलतील का
हे आम्ही बोलत नाही.

जाळीच्या पोटात एक बादली निघाली, बूड गंजलेली,
आत मागच्या उन्हाळ्याचं घरटं.
ती तशीच ठेवून वाट तिच्याभोवती वळवली.
वडिलांना वाटलं, पोरगी ऐकतेय.

नोव्हेंबर. हंगामाचा पहिला शनिवार, पहाटेचे पाच,
गवत दंवाने कुरकुरतंय.
टॉर्चच्या लाल उजेडात वाटेवर
आधीच खुरं उमटलेली,
जाणारी, येणारी, एक जोडी अगदी लहान.
वडील काठीवर रेलून हसले,
आवाज न करता, नुसत्या खांद्यांनी.
रायफल ट्रकमध्येच राहिली होती.
कोण विसरलं ते विचारू नका.

माझ्या तर्जनीत एक काटा मोडून राहिला.
सुईने निघाला नाही, काट्यानेही नाही.
जानेवारीत भांडी घासताना
आपणहून वर आला.
मी ओल्या हातानेच फोन लावला.
"केवढा?" त्यांनी विचारलं.